पैकीच्या पैकी

लातूरच्या गंजगोलाई बाजारातल्या एका कापडदुकानाचा गल्ला. आत मीटरपट्टी, खडूचे तुकडे आणि दोन्ही टोकांना तासलेली एक शिसपेन्सिल.

*

भूकंपानंतर लातुरात निवाऱ्यासाठी जे पत्रे आले, त्यांतले बरेच परत गेलेच नाहीत.

*

नायगावचे शरणप्पा चहा पीत नाहीत. कॉफी पीत नाहीत. सुपारी खाणाऱ्याच्या शेजारी ते एसटीत बसत नाहीत, उभे राहतात.

*

"अवो, जेवायला काय करू?"

"पर्याय सांग."

"पिटलं."

"आणखी तीन?"

*

"अक्का, काय सांगू तुला, ह्यांना व्यसन लागलंय बग. रविवार उजाडला की जातेत, दुपारी डोळे लाल करून येतेत. पोरीचं लगीन तोंडावर आलंय अन्..." इथं फोन कटला.

*

आता हे तुकडे शिवायला घेऊ.

गल्ला विरूपाक्षप्पा हलकुडेंचा. पिठलं आणि फोन त्यांच्या बायकोचे, महादेवीचे. पन्नाशी ओलांडलेल्या विरूपाक्षप्पांनी उभं आयुष्य लुगडी दाखवण्यात घालवलं होतं. बाई यायची, गादीवर बसायची, अख्खी फळी उलगडायला लावायची आणि "उद्या ह्यांना घेऊन येते" म्हणून उठायची. दुसऱ्या दिवशी "हे" यायचे. "तुला आवडंल ते घे" म्हणायचे. की पुन्हा पहिल्या लुगड्यापासून सुरू. कोणतं लुगडं बरोबर आणि कोणतं चूक, हे जगात कुणालाच ठाऊक नसल्यामुळे त्या प्रकाराला अंत नव्हता.

अशातच एकदा ब्लाउजपीस गुंडाळायला म्हणून माडीवरच्या भाडेकरू पोरांची रद्दी दुकानात आली. वरच्याच कागदावर छापलं होतं : खालीलपैकी कोणता सस्तन प्राणी अंडी घालतो? खाली चार नावं. विरूपाक्षप्पांनी बराच विचार करून वटवाघूळ निवडलं, कागद उलटला आणि मागच्या उत्तरांत पाहिलं. चुकलं होतं. पण आपण नेमकं कुठं चुकलो, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच इतकं स्वच्छ कळलं होतं. त्यांना गहिवरून आलं. चारच नग दाखवायचे, त्यांतला एकच खरा, आणि गिऱ्हाइकाला निवडल्याशिवाय उठता येत नाही, असंही दुकान जगात होतं!

ते दुकान त्यांच्याच प्लॉटवर निघालं. भूकंपात मोडलेल्या घरांची माणसं ज्या पत्र्याच्या शेडमध्ये राहून गेली होती, तिथं आता रामकिशन सरांचा बारावीचा क्लास भरायचा. दर रविवारी दहा वाजता चार-चार पर्यायांची सराव परीक्षा.

"सर, मागच्या बाकावर बसतो. कुणाला तरास न्हाई."

रामकिशन सर जागेच्या मालकाला नाही कसं म्हणणार? त्यांना वाटलं, आप्पा एकदा बसतील, कंटाळतील. आप्पा कंटाळले नाहीत. रसायनशास्त्र त्यांना कळत नव्हतं, पण पर्याय कळत होते. दोन पर्याय जुळ्या भावांसारखे दिसले, तर खरा त्यांतलाच एक. एखादा पर्याय उगाच लांबलचक असला, तर पेपर काढणाऱ्यानं तो भीत भीत खरा केलेला असतो. निकालाच्या फळ्यावर अठरा वर्षांच्या पोरांमध्ये ‘हलकुडे वि. म.’ हे नाव हळूहळू वर सरकू लागलं. दुकानात त्यांनी नियमच केला, "बाई, चार दाखवीन. त्यातली एक बरोबर हाय." बाया घाबरून पटकन निवडू लागल्या.

महादेवीची एकच ताकीद होती. "करा काय करायचं ते. पण सोयऱ्यांना कळू देऊ नका. पोरांत बसून पेपर देणारा बाप म्हणलं तर पोरगी कोण करील?"

आणि मग वैतागाच्या भरात तिनंच नायगावच्या बहिणीला, लक्ष्मीबाईला, फोन लावला.

प्रश्न. "ह्यांना व्यसन लागलंय" एवढंच वाक्य लातूरहून नायगावला पोचलं, तर त्याचं काय होतं?

(अ) ते लक्ष्मीबाईच्या पोटात राहतं.

(ब) लक्ष्मीबाई ते फक्त जावेला सांगते.

(क) जाऊ ते फक्त गिरणीत, दळण होईपर्यंत सांगते.

(ड) ब आणि क दोन्ही बरोबर, आणि गिरणी शरणप्पांची असते.

शरणप्पांचा मुलगा महांतेश नांदेडला पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होता. हलकुडेंच्या मुलीशी, अक्षराशी, त्याचं जवळजवळ जमलं होतं. अक्षरा मितभाषी. मुलगा आवडला का, असं विचारल्यावर ती "बरा हाय" एवढंच म्हणाली होती. पण नांदेडचा फोन वाजला की ती स्वयंपाकघरातून अशी यायची, की रिसीव्हरला कणीक लागायची. ‘जवळजवळ’ हा शब्द मात्र शरणप्पांचा होता आणि तो काढणं सोपं नव्हतं. याआधी त्यांनी एक स्थळ मुलीचा आजा फार खोकतो म्हणून मोडलं होतं. दुसरं, मुलीच्या मामानं चांगली नोकरी कारण न सांगता सोडली म्हणून. तिसऱ्या घरी ते जिन्याच्या पायऱ्या मोजून परत आले होते. महांतेश बत्तीस वर्षांचा झाला होता.

रविवारी पेपर देऊन विरूपाक्षप्पा घरी आले. डोळे लाल, बोटांना शिसं. समोर दिवाणावर शरणप्पा ताठ बसलेले. पुढ्यातलं दूध गार झालेलं.

"शरणार्थी, शरणप्पा!" विरूपाक्षप्पांनी हात जोडले. "कळवलं न्हाई?"

"कळवून आल्यावर जे दिसत न्हाई, ते बगायला आलो." शरणप्पांनी हवा हुंगली. "आ करा."

"आं?"

"तोंड उघडा, तोंड."

विरूपाक्षप्पांनी आ केला. दातांवर डाग नव्हता, तोंडाला वास नव्हता. शरणप्पांचा चेहरा आणखी काळजीचा झाला. "म्हंजे वास न येणारं हाय."

"काय?"

"व्यसन! सगळ्या नायगावात बोंब हाय. कुठून येऊन राहिले आता?"

स्वयंपाकघराच्या दारातून महादेवी दोन्ही हातांनी नको-नको करत होती.

"दुकानातून," विरूपाक्षप्पा म्हणाले.

"दुकानाला कुलूप हाय. बगून आलो."

"मळ्यातून."

"चपलीला माती न्हाई."

"देवळातून."

"कपाळाची विभूती सकाळचीच हाय, अर्धी घामानं गेली."

विरूपाक्षप्पांना जाणवलं, तीन पर्याय संपले. आता चौथा खराच असणार.

"पेपर देऊन आलो."

"कोर्टाचा?"

"बारावीचा."

सगळा उलगडा ऐकून घेतल्यावर शरणप्पांनी कपाळ धरलं. "आप्पा, दारू असती तर बरं झालं असतं हो. दारू सोडवायची चार ठिकाणं मला ठाऊक हायत. ह्याला काय म्हणू भावकीत? व्याही कोचिंगला हायत?"

"आवड हाय हो ती. व्यसन न्हाई."

"दारुडाबी हेच म्हणतो."

"रोज कुठं जातो? रविवारीच."

"दारुडाबी हेच म्हणतो."

"मनात आणलं तर उद्या सोडीन!"

या वेळी शरणप्पांनी नुसतं तोंड उघडलं. पण दारातून महादेवीच्या तोंडून निसटलं, "दारुडाबी हेच म्हणतो की." आणि तिनं पदर तोंडात कोंबला.

शरणप्पा उठू लागले. तेवढ्यात अक्षरा दुधाचा पेला उचलायला आली आणि खाली बघतच म्हणाली, "मामा, आपण भांडून काय कळणार? औसा रोडला उमादेवी मॅडमचं समुपदेशनाचं केंद्र हाय. त्या व्यसन म्हणल्या तर व्यसन. आवड म्हणल्या तर आवड."

एखाद्या गोष्टीचा तपास आणखी वाढतोय म्हटल्यावर शरणप्पांना नाही म्हणता येत नसे. "चालंल," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी. दहाला."

रविवारी दहाला संपूर्ण अभ्यासक्रमावरची मोठी परीक्षा होती. ‘सोमवारी’ हा शब्द विरूपाक्षप्पांच्या ओठांवर आला. पण त्यांनी अक्षराकडे पाहिलं आणि तो गिळून टाकला.

उमादेवी भूकंपानंतर लोकांना धीर द्यायला म्हणून सोलापूरहून आलेल्या. भूकंप थांबला, पण लातुरात हादरलेली माणसं काही कमी होईनात, म्हणून त्या राहूनच गेल्या. आता त्यांच्याकडे परीक्षेला घाबरलेली पोरं येत आणि पोरांना घाबरलेले आईबाप. पन्नाशीचा परीक्षार्थी त्यांनीही पहिल्यांदाच पाहिला.

रविवारी चौघं तिथं निघाले, तेव्हा शेडवरूनच जावं लागलं. पोरं आत शिरत होती. रामकिशन सरांनी हाक मारली, "आप्पा, या! पेपर फोडून राहिलो!" आप्पा मान न वळवता चालत राहिले. नुसती बोटं खिशातल्या पेन्सिलीला लागली आणि चटका बसल्यागत बाहेर आली.

उमादेवींनी एक कागद पुढे केला. "दहा प्रश्न आहेत. प्रत्येकाला चार उत्तरं : नेहमी, बऱ्याचदा, कधीतरी, कधीच नाही. एकावर खूण करा."

विरूपाक्षप्पांच्या चेहऱ्यावर सकाळपासून नसलेलं तेज आलं. "उणे गुण हायत?"

"नाहीत."

"मग एकबी सोडायचा न्हाई."

"आणि हा तुम्हाला." दुसरा कागद शरणप्पांपुढे आला.

"मला कामून? मला चहाचंबी व्यसन न्हाई!"

"म्हणूनच. निर्व्यसनी माणसाची उत्तरं शेजारी असली की तुलना होते. तुम्ही सगळ्यात जास्त जे करता, ते वर लिहा."

शरणप्पांची छाती फुगली. नमुना म्हणून त्यांना पहिल्यांदाच कुणी वापरत होतं. विचार करून त्यांनी वर लिहिलं, ‘चौकशी’.

दोघं एकाच बाकावर बसले. ते केल्याशिवाय चैन पडत नाही का? घरच्यांना न सांगता केलंय का? थांबायचं ठरवून पुन्हा सुरू केलंय का? विरूपाक्षप्पांची पेन्सिल सपासप चालली होती. तिसऱ्या प्रश्नाला शरणप्पा अडले आणि त्यांची नजर हळूच शेजारी सरकली. विरूपाक्षप्पांनी ताबडतोब कागदावर कोपर आडवं टाकलं.

"बगू द्या की जरा," शरणप्पा कुजबुजले.

"आपलं आपलं सोडवा."

उमादेवींनी आधी विरूपाक्षप्पांचा कागद तपासला. दहाही ठिकाणी ‘नेहमी’. "हे सगळं खरं आहे?"

"खरं-खोटं काय माहीत, मॅडम. पण चारीतला सगळ्यात ठाम पर्याय तोच वाटला."

"चाळीसपैकी चाळीस," उमादेवी म्हणाल्या.

"पैकीच्या पैकी!" विरूपाक्षप्पा टाळी वाजवून महादेवीकडे वळले. "ऐकलं का? इतक्या दिवसांत फळ्यावर एकदाबी न्हाई मिळाले!"

"अवो, ते व्यसनाचे गुण हायत!" महादेवीनं कपाळावर हात मारला.

दुसरी टाळी हवेतच राहिली. विरूपाक्षप्पांनी अक्षराकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. आपण पैकीच्या पैकी मिळवून पोरीचं वाटोळं केलं, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते मटकन बाकावर बसले.

"झालं," शरणप्पा उठले. "कागदच बोलला."

"बसा. तुमचा तपासायचा आहे."

उमादेवींनी सावकाश बेरीज केली. पुन्हा केली. "अडतीस."

"म्हंजे?"

"दोनच गेले," विरूपाक्षप्पा दुःखातही म्हणाले. "तयारी नसताना लई चांगले हायत."

"म्हणजे तीव्र," उमादेवी म्हणाल्या. "शरणप्पा, तुम्ही प्रामाणिक माणूस आहात, म्हणून एवढे आले. सातव्या प्रश्नाला काय खूण केलीत? त्यापायी जवळच्यांचे कार्यक्रम बुडवले का?"

शरणप्पा चुळबुळले. "आज धर्माबादला बहिणीच्या नातवाचं बारसं होतं. पण हिकडची चौकशी..."

"आणि नववा? त्यापायी घरात कुणाचं नुकसान झालं का?"

बत्तीस वर्षांचं ते नुकसान नांदेडात रोज खानावळीत जेवत होतं.

उमादेवी विरूपाक्षप्पांकडे वळल्या. "आप्पा, आज पेपर कितीला होता?"

"दहाला."

"आत्ता सव्वादहा होऊन गेलेत."

"हाव. पण पोरीचं काम होतं."

"एवढंच बघायचं असतं," उमादेवींनी दोन्ही कागद घडी करून ठेवले. "आवडीला घरातून हाक मारली की ती उठून येते. व्यसनाला हाक ऐकूच जात नाही."

शरणप्पा खाली बसले. आयुष्यभर दुसऱ्यांची तोंडं हुंगत आलेल्या त्या माणसानं नकळत स्वतःच्याच तळहातावर फुंकर मारून पाहिली. मग बारीक आवाजात विचारलं, "सुटतं का हे?"

"सुटतं. पण सुरुवात आजच करायला हवी. एक स्थळ, काहीही न विचारता, पक्कं करायचं."

"काहीच न विचारता?"

"काहीच नाही."

शरणप्पांच्या कपाळावर घाम आला. "एकच विचारू? पोरीचा रक्तगट..."

"नाही."

"बरं, घराला पायऱ्या किती..."

"शरणप्पा!"

त्यांनी डोळे गच्च मिटले, बाकाची कड धरली आणि एखादा कडू काढा घोटावा तसं म्हणाले, "हाव. पक्कं." महादेवीनं गळ्यातल्या लिंगाला हात लावला. अक्षरा अजून खिडकीबाहेरच बघत होती, पण तिचे कान लाल झाले होते.

विरूपाक्षप्पांनी व्याह्यांना मिठी मारली, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"जावा," महादेवी म्हणाली. "बराच टाइम हाय अजून."

आप्पा चपला हातात घेऊनच पळाले.

"कुठं चालले? कोण कोण असतंय तिथं? किती वाजता येणार?" शरणप्पा ताडकन उठले. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. ते खाली बसले आणि त्यांनी जन्मात पहिल्यांदा चहा मागितला.

अक्षरा आदल्या गुरुवारीच उमादेवींना एकटी भेटून, कागद दोन लागतील असं सांगून आली होती.