एस्टोनियात वारं पडलं की

कोल्हापुरात रविवारी मटण आणायचं की नाही, हा प्रश्न कुणी विचारत नाही. आणायचं असतंच. आमच्या जिन्यात मात्र तो दर रविवारी विचारला जातो, आणि त्याचं उत्तर एस्टोनियातलं वारं देतं.

थट्टा नाही करत. सकाळी सात वाजता वरच्या मजल्यावरचे खाडे आण्णा बनियनवर, डोक्याला कानटोपी आणि हातात मोबाईल अशा अवतारात जिन्यात येतात आणि अख्ख्या मंगळवार पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करतात, "वारं पडलंय! आज आमटी!"

आता त्यांनी आमटी खावी नाहीतर हवा खावी, माझं काय गेलं? पण आमच्या दोन घरांत मिळून मटण येतं. रांगेत आमचे हे उभे राहतात, रस्सा वर आण्णांच्या घरातल्या सुमनताई करतात आणि डबा खाली येतो. आण्णा फुटले की आमचे हे म्हणतात, "मग कोण जातंय एवढ्यासाठी," आणि पेपर उघडून बसतात. म्हणजे कुठल्या कोण देशात वारं पडणार आणि मी इथं मंगळवार पेठेत मुगाची आमटी ओरपणार. गेल्या पावसाळ्यात ओळीनं तीन रविवार वारं पडलं. तिसऱ्या रविवारी मी आण्णांशी बोलले नाही.

एस्टोनिया कुठं आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. मी ब्लाउज शिवणारी बाई, माझा भूगोल गंगावेशीपर्यंत. आता मात्र झोपेतनं उठवून विचारा. युरोपच्या वरच्या कोपऱ्यात चिमूटभर देश आहे. आपल्या जिल्ह्यात माणसं आहेत त्याच्या निम्मीसुद्धा तिथं नाहीत. तिथं जमिनीतनं तेलकट दगड निघतो आणि तो जाळून ते लोक वीज करतात. धूर मात्र बेक्कार होतो. वारं असलं की पवनचक्क्या फिरतात आणि दगड कमी जाळावा लागतो. कमी पडली तर शेजारच्या फिनलंडमधनं समुद्राखालच्या वायरीनं वीज येते. हे सगळं मी काजं-बटणं करत असताना आण्णांनी मला शिकवलं. मी मागितलं नव्हतं.

आण्णा म्हणजे बळवंत खाडे. सारा जन्म लायनमन म्हणून काढला. भर पावसात खांबावर चढून, कुणाच्या तरी घरची वायर जोडली की वरनं ओरडायचे, "आली का वो पावणं?" ती "आली!" ऐकल्याशिवाय हा माणूस खाली उतरायचा नाही. रिटायर झाले तरी आवाज खांबावरचाच राहिला.

त्यांची एकुलती एक पोरगी, वैशाली. हुशार. तिला एस्टोनियात कॉम्प्युटरची नोकरी लागली आणि घरात ठिणगी पडली. "त्या बर्फात काय हाय? बोलायला माणूस न्हाई, कायबी न्हाई. गेलीस तर मला फोन करू नगंस!" असं आण्णा म्हणाले. पोरगी म्हणाली, "नाही करणार." गेली. आणि दोघंही खाडे! अडीच वर्षं एकमेकांशी अक्षर बोलले नाहीत. फोन यायचा तो त्यांच्या बायकोला, सुमनताईंना. तो आला की आण्णा ताडकन उठून जिन्यात यायचे, स्टूलावर चढायचे, जिन्यातला बल्ब काढायचे, धोतराच्या सोग्यानं पुसायचे आणि परत लावायचे. कान दाराकडं. बोलणं लांबलं तर बल्ब दोनदा पुसला जायचा. एवढा लख्ख बल्ब राजवाड्यातसुद्धा नसेल.

सुमनताई बिचाऱ्या मध्ये सापडल्या होत्या. मला म्हणायच्या, "ह्यास्नी एकदा तिच्याशी बोलताना बघितलं की मी सुटलो बघा." बाईला दुसरं काही नको होतं.

आता पाप कुणाचं ते सांगते. माझं. एकदा आण्णा उंबऱ्यात उभं राहून, नजर छताकडं लावून म्हणाले, "वहिनी, त्या तिकडच्या देशात लाईट-बिट असती का वो?" मला दया आली. मोबाईलवर शोधता शोधता एक नकाशा सापडला. कुठला देश आत्ता, या घटकेला, वीज कशापासनं करतोय आणि एका युनिटमागं किती ग्रॅम कार्बन हवेत सोडतोय, हे सगळं त्यात दिसतं. चांगलं चाललं की देश हिरवा, धूर वाढला की तपकिरी. आण्णांनी चष्मा पुसला, नकाशा बघितला, आणि त्या दिवसापासनं माझ्या नशिबाला एस्टोनिया लागला.

पहिले दोन महिने नुसत्या बातम्या होत्या. "आज आमच्याकडं हिरवं हाय." "आज आमच्याकडं दगड पेटलाय." आमच्याकडं! लोक घाबरून त्यांच्या खिडकीकडं बघायचे. मग एक दिवस त्यांना शोध लागला.

"वहिनी, आबाळ किती?"

"म्हणजे?"

"एकच न्हवं? मग तिकडचा धूर आन् हिकडचा धूर एकाच आबाळात जाणार. आता ही वैशू तिथं हिटर लावती. लावणारच की, थंडी हाय. तिचा धूर होतोय. तिला कुठला येळ तो निस्तरायला? मग कुणी निस्तरायचा? पोरांचं आई-बापांनीच निस्तराय लागतंय."

आणि निस्तरायला सुरुवात झाली. तिकडं दगड पेटला की इकडं आण्णांच्या घरात गिझर बंद, पंखा बंद, टीव्ही बंद. बोकडसुद्धा रवंथ करताना ढेकर देतं आणि त्या ढेकरातनं गॅस जातो असं कुठंसं वाचलं, म्हणून मटण बंद. घरापुरतं होतं तोवर ठीक होतं. पण निस्तरायला घर पुरेना.

लग्नसराईचे दिवस. नवरीचा ब्लाउज, संध्याकाळी चारला द्यायचा. माझी शिलाई मशीन मोटारीवर चालते, ती मध्येच बंद पडली. बघते तर काय, जिन्यातल्या बोर्डावरचा माझा फ्यूज काढून आण्णा हातात घेऊन उभे!

"आण्णा, आधी तो फ्यूज लावा!"

"दोन तास पायानं शिवा वहिनी. लई तपकिरी झालंय तिकडं."

"नवरी काय एस्टोनियाची हाय का?"

"आबाळ..."

"आबाळ गेलं खड्ड्यात! फ्यूज!"

मी कात्री घेऊन दोन पायऱ्या चढले तेव्हा लावला. वर मलाच म्हणतात, "पायानं शिवलं तर गुडघं बरं ऱ्हात्यात."

गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर तर त्यांनी कहर केला. तिथं म्हैस समोर उभी असते, धार काढून फेसाळ पेला हातात मिळतो, गिऱ्हाईक पितं, ओठ पुसतं आणि जातं. आण्णांनी पेला रिकामा केला आणि म्हशीच्या मालकाला विचारलं, "दिवसाला ढेकर किती देती ही?"

मालक म्हणाला, "कोण?"

"म्हस वो. जरा वैरणीत बदल करून ढेकर कमी करता येत्यात. तेवढं बघा."

मालकानं त्यांना खालनं वर न्याहाळलं. "पावणं, म्हस माझी हाय. ढेकर तिचा हाय. दूध तुमी पिलासा. आता तुमी ढेकर न देता घरला जावा बघू."

आमच्या ह्यांनी हे डोळ्यांनी बघितलंय. कट्टा अर्धा तास हसत होता. आण्णांना काही वाटलं नाही. येताना म्हणाले, "शेवटी अडाणी माणसं. कळंल हळूहळू."

उलट वारं सुटलं की बघावं! एखाद्या रविवारी पहाटेच दारावर थाप पडायची. "वहिनी, उठा! आमच्याकडं वारं सुसाट सुटलंय! नकाशा हिरवागार हाय!" मग गिझर सुरू, पंखे सुरू, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, वाटीवर वाटी. सुमनताईंनी तर अंबाबाईला जाऊन सांगितलं होतं, "आई, पाऊस-पाणी दे, आन् तिकडं जरा वारं सोड." पुजाऱ्यानं विचारलं, तिकडं म्हणजे कुठं? ताई म्हणाल्या, "तिला म्हाईत हाय."

हे असं चाललं होतं. चालत राहिलंही असतं. पण गेल्या डिसेंबरात, नाताळाच्या सुमाराला, सुमनताई बारशासाठी चंदगडला बहिणीकडं गेल्या. बहिणीचं घर डोंगरात, तिथं फोनला रेंज मिळाली तर नशीब. संध्याकाळी सात वाजले होते. आण्णा जिना उतरून आले. एका हातात पक्कड, दुसऱ्या हातात काळ्या चिकटपट्टीचं भेंडोळं.

"वहिनी, समुद्राखालची वायर तुटलीया."

मी मशीन थांबवली. त्यांनी मोबाईल पुढं केला. फिनलंडहून येणाऱ्या विजेची रेघ धाडकन खाली आली होती.

"मग तुम्ही काय पोहत जाणार, पट्टी मारायला?"

ते हसले नाहीत. खांबावरनं ओरडणाऱ्या त्या माणसाचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "बर्फ हाय तिथं. हिटर बंद पडला तर माणूस काकडून मरतंय. हिचा फोन लागंना चंदगडला. तुमी करा की वैशूला. नंबर देतो. मी हाय हितंच."

खरं सांगते, मला राग आला. वायरीचा नाही. इतके महिने ह्या माणसानं माझं मटण बंद केलं, माझा फ्यूज काढला, सगळं त्या पोरीपायी. आणि पोरीला साधा फोन करायला शेजारीण पाहिजे?

"मी करणार न्हाई," मी म्हटलं. "तुमची पोरगी हाय. तुम्ही करा."

"काय बोलू?"

"सारा जन्म गावाला काय विचारत होता? तेच विचारा."

आण्णा पायरीवर बसले. नंबर त्यांना पाठच होता. अंगठा मात्र तीनदा चुकला. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळं फोन कायम स्पीकरवर. रिंग गेली, आणि पलीकडनं उचलला.

"हॅलो," आण्णा एकदम ऑफिसातल्या आवाजात म्हणाले, "लाईट हाय का?"

मग बारीक आवाज आला. "पप्पा?"

"लाईट हाय का म्हणतोय."

"आहे की."

"सगळ्या खोल्यांत?"

"एकच खोली आहे, पप्पा."

"हिटर?"

"चालू आहे. वायर तुटलेली मी पण वाचली. पण दुसरी आहे. काही होत नाही."

"मग झालं," आण्णा म्हणाले. तक्रार मिटली. त्यांचा अंगठा फोन ठेवायला निघालासुद्धा.

"पप्पा, ठेवू नका."

अंगठा थांबला.

"लाईट आहे," वैशू म्हणाली. "पण अजून चार वाजले नाहीत आणि बाहेर अंधार पडलाय. रोजच पडतो. सगळे सुट्टीला आपापल्या गावी गेलेत. मी परवापासनं कुणाशी बोलले नाही."

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. त्या देशात कुठल्या तासाला किती दगड जळतो ते ह्या माणसाला तोंडपाठ होतं. दुपारी चारच्या आत तिथं अंधार पडतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मीही कधी शोधलं नव्हतं.

त्यांनी पक्कड पायरीवर ठेवली.

"चुकलं माझं, वैशू," ते म्हणाले. "तू गेलीस म्हणून राग न्हवता मला. तू नसल्यावर घरात करमायचं न्हाई, त्याचा राग होता. त्यो तुझ्यावर काढला."

पलीकडं पोरगी रडत होती. इकडं मी शिवत असलेल्या ब्लाउजलाच डोळे पुसले. गिऱ्हाइकाचा होता. असू दे.

"जेवलीस?"

"नाही."

"मग ऊठ. भात टाक. फोन ठेवू नको, तिथं वट्ट्यावर ठेव. मी हाय."

"किती वेळ थांबणार, पप्पा?"

"उजाडंस्तवर."

"इथं सकाळी नऊला उजाडतं."

"मग नवापातूर. मला काय कुठं जायाचंय?"

मी आतनं खुर्ची आणून जिन्यात ठेवली. आण्णा तिच्यावर बसले आणि भातात पाणी किती घालायचं, गॅस कधी बारीक करायचा, झाकण कधी काढायचं, हे सगळं पोरीला सावकाश सांगायला लागले. त्यांनी जन्मात कधी भात केलेला नाही.