शेवटची सहा षटकं

कावळा चमकणाऱ्या फितीला घाबरतो, निदान पहिले चार दिवस.

तीन तासांच्या व्हिडिओ कॅसेटमध्ये अडीचशे मीटर फीत मावते.

नीराबाईच्या आईचा एकही फोटो नाही.

खाऱ्या हवेत स्टिकरचा डिंक टिकत नाही.

कमलेशच्या तान्ह्या मुलीचं नाक कुणावर गेलंय, यावर घरात एकमत नव्हतं.

या पाचही गोष्टी एका गुरुवारी सकाळी, रेवदंड्याच्या कोळीवाड्यात, हरेश्वरच्या अंगणात एकत्र आल्या.

"उद्या दुपारी येतो, बाबा," असं न्हावा शेव्याच्या कंटेनर यार्डातून कमलेशने आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं. "पनवेलला एक जण जुन्या कॅसेटी मोबाइलवर उतरवून देतो. तुमच्या लग्नाची काढून ठेवा."

"बुरशी लागली असंल तिला," हरेश्वर बायकोकडे न बघता म्हणाला.

"लागू दे." नीराबाईने फोन त्याच्या हातातून काढून घेतला. "तू ये रे. पोरीचं नाक माझ्या आयचं हाय, तुझ्या बापाला पटत न्हाय. कॅसेटमधी बघतील तवा पटंल."

सकाळी ती टोपली घेऊन अलिबागच्या बाजारात गेली. हरेश्वरने कपाटावरची कॅसेट काढली, स्क्रू ढिले करून तिचं पोट उघडलं आणि फीत ओढायला लागला. अंगणात बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत होते. या खांबापासून त्या खांबापर्यंत त्याने फीत ताणली. वाऱ्यावर ती गुणगुणू लागली. कावळे लांब सरकले. "कावले फार झाले होते," हे उत्तर त्याने तयार ठेवलं होतं.

इथे फीत जरा मागे घ्यावी लागेल.

ब्याण्णव साली हरेश्वरने व्हीसीआर आणला. त्याआधी टीव्ही भरतीसारखा होता. त्याच्या वेळेला तुम्ही हजर असाल तर तुमचा, नाहीतर गेला. होड्या चार-चार दिवस समुद्रात. सामने, मालिका, निवडणुकांचे निकाल, सगळं त्यांच्यामागे किनाऱ्यावर घडून जायचं. मशीन आलं आणि टीव्ही होडीसाठी थांबायला लागला. बायका रेकॉर्ड करून ठेवत, पुरुष परतल्यावर बघत. धक्क्यावर निकाल कुणी सांगायचा नाही, असा कोळीवाड्याचा नियमच झाला. एकदा बर्फवाल्याच्या तोंडून धावसंख्या निसटली, तर दोन होड्यांनी आठवडाभर त्याच्याकडून बर्फ उचलला नाही. आता हरेश्वरच्या खिशात हवा तो सामना हव्या त्या वेळी लागतो, आणि तो एकही शेवटपर्यंत बघत नाही.

अठ्ठ्याण्णव साली असाच एका सामन्याचा दुसरा डाव नीराबाईने रेकॉर्ड केला. तिला तेव्हा वाचता येत नव्हतं. लग्नाची कॅसेट ती गणपतीच्या स्टिकरवरून ओळखायची. स्टिकर गळून पडला होता, आणि कॅसेट लावताना ते तिच्या लक्षात आलं नाही. होडी परत आल्यावर, बायको पाण्याला गेलेली असताना, हरेश्वर शेजारच्या हिरामणला घेऊन मशीनसमोर बसला. सनईच्या सुरात पडद्यावर 'शुभविवाह' आलं, नवरानवरीची नावं आली, झेंडूचं तोरण आलं आणि तोरणातून गोलंदाज धावत आला.

हरेश्वरने कॅसेट बाहेर काढली, उलटसुलट करून बघितली आणि पुन्हा आत सरकवली.

"लगीन तर गेलं," हिरामण हळूच म्हणाला. "सामना तरी बघू."

त्यांनी तो बघितला. शेवटची सहा षटकं राहिली असताना पडद्यावर मुंग्या आल्या. हरेश्वरने वैतागून बटण बंद केलं. तेवढ्यात नीराबाई हंडा घेऊन आत आली.

"शेवट कुठं गेला गो?"

"तवा वीज गेली," हंडा उतरवत ती म्हणाली.

हरेश्वरने कॅसेट काढून कपाटावर ठेवून दिली. नीराबाईची आई आदल्या वर्षीच वारली होती, आणि ती होती फक्त त्या कॅसेटमध्ये. आपल्याच हाताने आपण आईला पुसलं, हे बायकोला कधी कळू नये एवढंच त्याच्या डोक्यात होतं. दुसऱ्या दिवशी त्याने मशीनमध्ये तांब्याभर समुद्राचं पाणी ओतलं आणि खाऱ्या हवेने मशीन खाल्लं असं जाहीर केलं.

फीत पुन्हा पुढे.

दोनशेएक मीटर ओढून झाल्यावर हरेश्वरचे हात भरून आले. रिळावर थोडी फीत उरली होती, ती त्याने तोडली. हिरामण कुंपणापलीकडून बघत होता.

"ती मना दे. माझ्या बोंबलांनी काय पाप केलंय?"

"घे. पन नीराला सांगू नको कसली हाय ती."

"सत्तावीस वर्सं सांगितलं का?"

दुपारी नीराबाई आणि कमलेश एकाच रिक्षातून उतरले. अंगण सगळं चमचमत होतं.

"बाबा, हे काय?"

"कावले फार झाले होते."

"आणि घरात दुसरी दोरी नव्हती?"

हरेश्वरने बायकोकडे बघितलं. ती रडेल किंवा भांडेल, दोन्हींची त्याने तयारी केली होती. तिने टोपली खाली ठेवली, फीत दोन बोटांत धरून पाहिली आणि सोडून दिली.

"रिलावरचं शेवटचं टोक कुठं हाय?"

हरेश्वरने कुंपणापलीकडे बोट दाखवलं.

हिरामणने मोठ्या निगुतीने काम केलं होतं. सहा वेढे, प्रत्येक खांबाला होडीची गाठ, म्हणजे वादळातही न सुटणारी.

"आत्ता कुठं कावले गेले, वहिनी," तो कुरकुरला. "ही काढली तर माझ्या बोंबलांवर कोन ध्यान ठेवंल?"

"हे ठेवतील," नीराबाईने नवऱ्याकडे हनुवटी केली.

मग हरेश्वर काठी घेऊन दुसऱ्याच्या अंगणात कावळे हाकत बसला. नीराबाई सुईच्या टोकाने गाठी सोडवत राहिली आणि कमलेश सुटलेली फीत पेन्सिलीवर गुंडाळत राहिला. मधे एकदा वाऱ्याने चार हात फीत बोंबलांत गुंतवली. ती काढायला आख्खी वलांडी उतरवावी लागली.

पनवेलच्या माणसाने फितीवरचे खवले पुसत विचारलं, "कुठे ठेवली होती ही?"

"हवेशीर," कमलेश म्हणाला.

अकरा मिनिटं वाचली. रविवारी कमलेश ती मोबाइलवर आणि मुलीला कडेवर घेऊन आला. पडद्यावर आडव्या रेघा होत्या, आवाज पाण्याखालून यावा तसा येत होता. पाठवणी चालली होती. एका बाईने कॅमेरा दिसताच पदर तोंडावर ओढला. ती तशीच उभी राहिली. मग मुलीच्या ओटीत नारळ घालताना पदर सुटला, आणि कमलेशने चित्र थांबवलं.

हरेश्वरने मोबाइल नातीच्या तोंडाजवळ धरला, मग लांब धरला, मग पुन्हा जवळ.

"हाय," तो म्हणाला. "तेच नाक हाय."

जरा वेळाने त्याला आणखी काही सुचलं. "नशीब गो. तवा वीज गेली म्हनून येवढं तरी राहिलं."

नीराबाईने नातीचं नाक पदराने पुसलं.

"व्हय," ती म्हणाली.

कमलेशने चित्र पुन्हा मागे घेतलं. पदर वर गेला, पदर खाली आला.

अठ्ठ्याण्णव साली, त्या सामन्याच्या दिवशी, कोळीवाड्यात वीज सकाळपासून संध्याकाळपर्यंत होती.