गंगाअक्काच्या पाठीचे डोळे

आमच्या झरी गावातल्या गंगाअक्काच्या मागं तुम्ही घागर आपटा, बाई हलायची नाही. पण कोपऱ्यात पाल नुसती सरकली की तिची मान गर्रकन वळायची. त्यामुळं ती बहिरी आहे यावर गल्लीत कुणाचा विश्वास नव्हता. माझा तर मुळीच नव्हता. मी काही संशयी बाई नाही. पण समोर दिसतं ते कसं नाकारू?

ऐन तिशीत तापानं कान गेले, असं ती सांगायची. मग मी मागच्या दारानं आले की हिला कळायचं कसं? एकदा मी अनवाणी, श्वास रोखून तिच्या पाठीशी जाऊन उभी राहिले. ती ज्वारी पाखडत होती. मागं न बघताच म्हणाली, "ये शांते, बस. चोरावानी काय यायलीस?"

मी समोर जाऊन ओरडले, "ऐकू येतंय की तुमाला!"

"कशाचं ऐकू येतंय! त्या कोंबडीनं मान वर केली. म्हणलं, मागं कुणीतरी हाय. अन् असं चोरावानी तुझ्याबिगर कोण येतंय?"

घ्या! कोंबडी हिला चहाड्या सांगते, हे मी खरं मानायचं?

बरं, अक्काचा संशय आमच्याहून वरचढ. ते विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाचे दिवस. पारावर, हाटेलात जो तो दबक्या आवाजात बोलायचा. अक्काला वाटायचं, ही सगळी मसलत आपल्यावरच चाललीय. लांबून ओठ अर्धेमुर्धे वाचायची, उरलेलं मनानं भरायची आणि भांडायला जायची. "माझंच नाव घ्यायलाव न्हवं? दिसतंय मला!" त्यामुळं आम्ही बायका तोंडावर पदर धरून बोलू लागलो, तर आगीत तेलच पडलं. "पदराआड काय शिजवायलाव गं, भवान्यांनो?"

पुढं तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. अंगणात कुत्रं आलं तरी कळेना. कुणी जवळचं नव्हतं तिला, म्हणून मीच एसटीत कोंबून परभणीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "कान गेले की मेंदू त्यांचं काम डोळ्यांवर टाकतो. कडेला जरा हललं तरी या माणसांना चटकन दिसतं. यांचे डोळे जपले पाहिजेत."

"काय म्हणला गं ह्यो?" अक्कानं मला कोपरानं ढोसलं. "येडी म्हणला न्हवं मला?"

ऑपरेशनला तर ती तयारच होईना. डॉक्टर डोळे काढून विकतात इथपासून सुरुवात झाली. शेवटी माझा दंड धरून हळूच म्हणाली, "पट्टी बांधल्यावर मी कशानं ऐकू, शांते? तू उठून गेलीस तर मला कळणार बी न्हाई."

मी गळ्याची शप्पथ घेतली, तेव्हा कुठं बाई खाटेवर आडवी झाली.

त्या काळी दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधायचे. ती बांधली तशी अक्का हवेत चाचपडू लागली. मी हात दिला. तिनं माझ्या बांगड्या चाचपल्या, मनगट चाचपलं. मीच आहे की दुसरी कुणी बसवलीय, याची खात्री करून घेतली. एवढ्यातही संशय! मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडूच कोसळलं. एका हातानं तिनं माझं मनगट धरूनच ठेवलं होतं.

मग तिची बोटं चाचपडत माझ्या ओठांवर आली आणि तिथंच थांबली.

"बोल की," अक्का म्हणाली. "माझंच वंगाळ बोल. पण बोलत ऱ्हा."