कोरं कार्ड

दर मंगळवारी रंभाजी दरेकरांना एक कोरं पोस्टकार्ड येई. ते दोन्ही बाजूंनी वाचत, वहीत ‘ठीक’ असं लिहीत आणि कामावर जात.

श्रीगोंद्याच्या बाजूला एका साखर कारखान्यात ते बॉयलरच्या सेफ्टी पॅनलवर होते. मी शेजारच्या खोलीत राहणारा वार्ताहर. पॅनलवर तीन दिवे: हिरवा म्हणजे चालू, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे बंद. रंभाजी माणसंही याच दिव्यांनी ओळखत. “सायेब आज पिवळं हायेत,” म्हणजे रजा मागू नये. एका पंगतीत त्यांनी वाढप्याला हात आडवा करून “लाल!” म्हटलं. वाढप्याला कळलं नाही, पानात जिलबी पडली.

“बातमी नाही म्हणजे खुशाली,” असं मी एकदा म्हणालो.

“तुमच्या पेपरात आसंल. आमच्यात समदं ठीक हाय आसा करंट तारंतून सारखा यावा लागतो. थांबला की बिघाड, पॅनल बॉयलर बंद करतं. मग आपुआप चालू हुत न्हाई. मान्सानं जाऊन कारन बघायचं, हातानं बटन दाबायचं.”

कार्ड हा तोच करंट. त्यांची बायको कौसाबाई आजारी आईसाठी काष्टीला निघाल्या, तेव्हा हंगाम सोडून रंभाजी सोबत गेले नाहीत. “आता न्यायला आला तरच यीन,” त्या म्हणाल्या. त्यांना लिहिता येत नव्हतं. रंभाजींनी स्वतःचा पत्ता घातलेली कार्डं त्यांच्या पिशवीत ठेवली: ठीक असलं की शनिवारी बाजाराला जाताना एक टाकायचं.

आई बरी झाली. हंगाम संपला. कार्डं येत राहिली.

“आता घेऊन या की,” मी म्हणालो.

“ठीक चाललंय त्यात हात घालायचा नसतो.” कार्डावर कधी हळदीचं बोट उमटलेलं असे. त्यावर ते आपलं बोट ठेवून बसत.

एका मंगळवारी कार्ड आलं नाही. बुधवारीही नाही. रंभाजींनी नोकरीतली पहिली रजा टाकली. “चला,” मला म्हणाले, “एकट्याला बघवायचं न्हाई.”

काष्टीत कौसाबाई ओसरीवर शेंगा फोडत होत्या. कोनाड्यात उरलेली कार्डं दिसत होती.

“कार्डं तर हायती,” रंभाजी दारातूनच म्हणाले. “मग टाकलं का न्हाई?”

“टाकलं आसतं तर तुमी आला आसता व्हय?”

“न्हाई,” ते म्हणाले.

दाराआड पिशवी भरून ठेवलेली होती. रंभाजींनी ती हातात घेतली.