गच्चीची हवाई पाहणी

चारकोपच्या ‘सिंधुसागर’ सोसायटीत मजले चार, बिऱ्हाडं सोळा, गच्ची एक, गच्चीच्या दाराला कुलूप एक आणि त्या कुलपाच्या किल्ल्या दोन होत्या. पैकी पहिली किल्ली गेल्या जुलैत तेव्हाचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश यांच्याकडून हरवली. दुसरी बारा दिवसांपूर्वी आत्ताचे सेक्रेटरी श्यामसुंदर यांच्याकडून हरवली. पहिलीचं सगळ्या सोसायटीला माहीत होतं. दुसरीचं फक्त श्यामसुंदरांना आणि त्यांच्या बायकोला, शुभाला.

एरवी यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. पण चंद्रप्रकाशना खुर्चीवरून उठवण्यासाठी श्यामसुंदरांनीच सभेत ठराव आणला होता: गच्चीची किल्ली ज्याच्याकडून हरवेल त्याने पद सोडावं. ठराव त्यांनी इतका पक्का लिहिला होता की त्यातून आता त्यांना स्वतःलाही निसटता येत नव्हतं.

“सकाळी कावळ्याला घास ठेवताना तुमच्या हातात होती,” शुभा म्हणाली.

“मग काय, भाताबरोबर किल्लीपण वाढली मी त्याला?”

“तुमचा नेम नाही.”

किल्लीवाल्याला बोलावणं शक्य नव्हतं. गच्चीचं दार चौथ्या मजल्यावरच्या मालनकाकूंच्या दारासमोर होतं आणि मालनकाकूंचं दार दिवसभर उघडं असे. शिवाय त्यांच्या खाटेवर छत गळत होतं. गच्चीचं वॉटरप्रूफिंग चंद्रप्रकाशनी सुरू केलं होतं आणि ‘काम उत्तम’ म्हणून सही श्यामसुंदरांनी ठोकली होती. रविवारच्या सभेआधी सगळ्यांनी वर जाऊन पाणी साचतं का ते बघायचं, असा काकूंचा आग्रह होता. वर जायचं म्हणजे कुलूप उघडायचं.

तेव्हा श्यामसुंदरांना भाची आठवली. गंधाली एम.एस्सी. करून एका सर्वेक्षण कंपनीत होती. ड्रोनने शेतं, रस्ते आणि धरणाच्या भिंती मोजत असे.

“चौदा पायऱ्या चढायच्या सोडून ड्रोन?” तिने विचारलं.

“आधुनिक व्हायला नको का गं सोसायटीने?”

“मामा, मुंबईत पोलिसांच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. सांताक्रूझला विमानतळ आहे, जुहूला हेलिकॉप्टरं. आणि दोनशे एकोणपन्नास ग्रॅमचं असलं तरी चौथ्या मजल्यावरून डोक्यावर पडलं तर वाट लागते.”

पोलिसांची परवानगी तिने दोन दिवसांत आणली. सोसायटीच्या परवानगीला चार दिवस लागले, कारण श्यामसुंदरांनी स्वतःकडे रीतसर अर्ज केला, स्वतः एक शंका काढली, तिला लेखी उत्तर दिलं आणि मग मंजुरीचा शिक्का मारला. जाता जाता पाहणीचा अहवालही टाईप करून ठेवला: ‘गच्ची कोरडी. साचलेले पाणी: शून्य मिलिमीटर.’ फोटो तेवढा चिकटवायचा बाकी होता.

मग सुरक्षेची नोटीस लागली. खिडक्या बंद ठेवाव्यात, कपडे आत घ्यावेत आणि सर्व सभासदांनी सुरक्षेसाठी कंपाउंडमध्ये एकत्र जमावं.

“धोका खालीच असतो, मामा.”

“म्हणूनच सगळ्यांना एका जागी ठेवतोय. लक्ष ठेवायला बरं.”

रविवारी पावसाने तिसऱ्या दिवशीही उघडीप दिली होती. चंद्रप्रकाश हेल्मेट घालून आले. मालनकाकू डोक्यावर परात धरून आल्या.

“माझ्या खाटेर पाणी गळता आणि ह्यो इमान उडवता,” त्या म्हणाल्या.

“काकू, विज्ञान आहे हे,” श्यामसुंदर म्हणाले. सगळ्यांना दिसावं म्हणून त्यांनी ऑफिसातला टीव्ही बाहेर आणवला होता. पारदर्शकतेचं श्रेय कशाला सोडा? गंधालीने लोकांना दहा मीटर मागे सरकवलं आणि ड्रोन उडवला.

पहिल्या मजल्यावर श्यामसुंदरांच्या खिडकीत कावळा भात खाताना दिसला. तिसऱ्या मजल्यावर चंद्रप्रकाशच्या बाल्कनीत सोसायटीच्या दोन खुर्च्या दिसल्या. त्या वर्षभर सापडत नव्हत्या.

“हा खासगी आयुष्यावर हल्ला आहे,” चंद्रप्रकाश हेल्मेटमधून म्हणाले.

“खुर्च्यांचं खासगी आयुष्य,” शुभा पुटपुटली.

ड्रोन कठड्याच्या वर गेला. गच्ची दिसायच्या आधी जुन्या डिश अँटेनावरचं घरटं पडद्यावर आलं. तारा, एक हँगर, तीन पिल्लं, आणि पिल्लांच्या मधोमध लाल नाडीची किल्ली. नाडीला पुठ्ठा होता. पुठ्ठ्यावर श्यामसुंदरांच्या वळणदार अक्षरात ‘गच्ची’ असं लिहिलं होतं.

श्यामसुंदरांनी खिशावर हात ठेवला; जणू किल्ली तिथे आहे आणि पडद्यावर दिसते ती तिची झेरॉक्स.

“तुमचीच ना ती?” चंद्रप्रकाशनी अगदी हळू विचारलं. वर्षभर वाट पाहिलेलं वाक्य त्यांना घाईत संपवायचं नव्हतं.

“मामा, खाली अजून एक आहे,” गंधाली म्हणाली. “गंजलेली. निळ्या नाडीची.”

चंद्रप्रकाशनी हेल्मेट काढलं.

तेवढ्यात काळं काहीतरी पडद्यावर आलं. मग आभाळ, भिंत, पुन्हा आभाळ, आणि वरून स्पष्ट आवाज आला: डुबुक. पडदा हिरवा झाला.

“कोरड्या गच्चीत डुबुक असो आवाज खयसून इलो?” मालनकाकूंनी विचारलं.

त्या प्रश्नाकडे दोन्ही सेक्रेटऱ्यांचं लक्ष नव्हतं. वर्षभर एकमेकांशी न बोललेले ते दोघे खांद्याला खांदा लावून जिन्याकडे निघाले होते.

“तुम्हीपण घास ठेवता?” श्यामसुंदरांनी विचारलं.

“वडील गेल्यापासून. रोज.”

“मग हरवली कुठे? जागा माहीत आहे आता.”

“तेच म्हणतो. सभावृत्तांतात ‘सुरक्षित ठिकाणी’ लिहा.”

“दोन्ही?”

“दोन्ही.”

चौथ्या मजल्यावर त्यांना थांबावं लागलं, कारण सुरक्षित ठिकाणी जायला कुलूप उघडायला हवं होतं आणि किल्ल्या कुलपाच्या पलीकडे होत्या. मागून मालनकाकू आल्या, घरात गेल्या आणि वरवंटा घेऊन बाहेर आल्या. कुलूप तिसऱ्या घावाला तुटलं.

मागोमाग वर आलेल्या गंधालीने आधी पाण्यातून ड्रोन उचलला. मग पिशवीतून स्टीलची पट्टी काढली. श्यामसुंदर अहवालाची घडी घालत होते. काकूंनी तो त्यांच्या हातातून घेतला आणि ‘शून्य’ या शब्दावर बोट ठेवून उभ्या राहिल्या.

गंधालीने पट्टी उभी धरली, वाकून डोळा पाण्याच्या पातळीला आणला आणि तीन जागी मोजलं. पंचेचाळीस, सत्तेचाळीस, बावन्न. सरासरी अठ्ठेचाळीस मिलिमीटर.