उस्मानचाचांचा दुश्मन

आमच्या वरच्या मजल्यावरचे उस्मानचाचा मला पहिल्यांदा नीट भेटले ते जिन्यात, हातात बर्फाचा डबा घेऊन. डबा गळत होता, सदऱ्याची बटणं एकाआड एक लागली होती आणि चेहऱ्यावर घरात कुणी आजारी असल्यासारखी काळजी होती. मी विचारलं, "काय झालं, चाचा?"

"गोलकीपरचा गुडघा सुजलाय."

"तुमच्या टीमच्या?"

"माझा गोलकीपर घोड्यासारखा आहे. त्यांचा सुजलाय. मॅच तोंडावर आली. तो लंगडत आला तर मी हरवू कोणाला?"

एवढं बोलून ते उरणची एसटी पकडायला निघून गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा मी विचारलं, बर्फ टिकला का? म्हणाले, "वाटेत जासईपर्यंतच पाणी झालं. पण थंडगार पाणी होतं. त्याने पाय बुडवून घेतला."

मी तेव्हा नुकताच पनवेलला बदलून आलो होतो. बँकेत नोकरी, फुटबॉलमधलं शून्य ज्ञान. पण मला इंग्रजीत अर्ज लिहिता येतो हे कळल्यावर चाचांनी मला त्यांच्या क्लबचा सेक्रेटरी करून टाकलं. माझी हरकत त्यांनी 'ऑफसाइड' म्हणून फेटाळली.

चाचांची उमेदीची वर्षं सगळी कुवेतमध्ये गेली. जहाजं दुरुस्त करायच्या यार्डात ते फोरमन होते. तिथल्या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, कामगारांनी त्यांना हे वेड लावलं. परत आले, मोहल्ल्यातली पोरं गोळा केली, क्लब काढला. दोनेक वर्षांत चाची गेल्या. मुलगे एक दोहात, एक शारजात. शुक्रवारी जुम्याची नमाज झाली की आळीपाळीने फोन करायचे. बाकीचे दिवस चाचांच्या घरातून फक्त टीव्हीवरच्या कॉमेंटरीचा आवाज यायचा. मॅच नसली तरी टीव्ही चालू असायचा. एकदा मी कान देऊन ऐकलं, तर कोणीतरी बाई केस गळू नयेत म्हणून काय करावं ते सांगत होती.

चाचांच्या खिशात कायम एक शिट्टी आणि दोन कार्डं असायची, एक पिवळं आणि एक लाल. ती केवळ मैदानासाठी नव्हती. सोसायटीच्या चेअरमननी जिन्यासमोर स्कूटर लावली म्हणून त्यांना भर मीटिंगमध्ये पिवळं कार्ड मिळालं. दुधात पाणी सापडलं तेव्हा दूधवाल्याला लाल कार्ड दाखवून चाचांनी त्याचं दूध बंद केलं. दुसरा दूधवाला आमच्या गल्लीत येत नसे, त्यामुळे चाचाच महिनाभर कोरा चहा पीत बसले. मी म्हटलं, शिक्षा नक्की कोणाला झाली? ते म्हणाले, "कार्ड दाखवलं की परत घेता येत नाही. नियम आहे."

आमच्या भागात पोरं क्रिकेट खेळतात, गावं कबड्डी खेळतात. फुटबॉलचं वेड दोनच ठिकाणी होतं. एक चाचांच्या क्लबात आणि दुसरं खाडीपलीकडच्या एका गावात. त्या गावाचं नाव मी सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्याने गावाची मान बरीच खाली गेली. आम्ही त्यांना खाडीवाले म्हणायचो. मिठागरांच्या काठावर त्यांचं मैदान होतं, आणि त्यांचा गुरू होता हिरामण घरत. आडवा बांधा, पांढरी मिशी, पायात कधी चप्पल नाही. दरवर्षी ढालीसाठीच्या स्पर्धेच्या फायनलला हे दोन क्लब समोरासमोर यायचे आणि दरवर्षी चाचा हरायचे.

हरल्याचं त्यांना दुःख नव्हतं असं नाही. पण त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "दुश्मन सलामत, तर आपण सलामत."

दर रविवारी सकाळी चाचा कडक इस्त्रीचा शर्ट घालून, काखेत घडीची खुर्ची घेऊन खाडीवाल्यांचा सराव बघायला जात. याला ते जासूसी म्हणत. मैदानाच्या ऐन मध्यावर, सगळ्यांना दिसेल अशा जागी खुर्ची मांडून ही जासूसी चाले. एकदा मीही गेलो होतो. लांबूनच हिरामण ओरडला, "आला बग आमचा सीआयडी. च्या टाका रं."

"मी चहा प्यायला आलो नाही," चाचा म्हणाले, आणि दोन कप प्याले.

थंडीत तिथे जाळावर पोपटी लागायची. मडक्यात वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, कोंबडी. हिरामण चाचांसाठी वेगळं मडकं लावायचा, कोंबडी हलाल नसायची म्हणून नुसत्या शेंगा आणि अंडी. ते मडकं वेगळं ओळखू यावं म्हणून त्याच्या गळ्याला तो सुतळी बांधायचा. घरी येताना मी चाचांना विचारलं, "मग, काय कळलं आज?" त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "शेंगा यंदा गोड आहेत."

पण खाडीवाल्यांचे दिवस भरत आले होते. हे चाचांना आमच्या सगळ्यांच्या आधी दिसलं. विमानतळाच्या बातमीने जमिनींना भाव आला होता. मिठागरं भरावाखाली जात होती, मैदानाचाही सौदा ठरला होता. पोरं कंटेनर यार्डात कामाला लागली होती, सरावाला अर्धीच यायची. जी यायची तीही आता पोरं राहिली नव्हती. त्यांचा सगळ्यात चांगला खेळाडू जगन तिशी ओलांडून पुढे गेला होता. हिरामण एकदा चाचांना म्हणाला, "उस्मानभाय, यंदाचं साल आमचं. नंतर नाय."

"असं बोलू नको," चाचा म्हणाले. "मी अजून एकदाही जिंकलेलो नाही."

त्याच वर्षी जगन आणि त्याचा चुलतभाऊ राज्याच्या निवड शिबिराला गेले. गावाने त्यांना ढोल वाजवून पाठवलं. महिन्याभरात बातमी आली. तपासणीत दोघांच्या लघवीत उत्तेजक सापडलं होतं. दोन वर्षांची बंदी. जगनच्या वयाच्या खेळाडूला दोन वर्षं म्हणजे कायमचीच.

चाचांनी मला बँकेतून उठवलं. ते माझ्या स्कूटरवर मागे बसले आणि आम्ही थेट खाडीपलीकडे गेलो. जगन घराच्या मागच्या पडवीत भिंतीकडे तोंड करून बसला होता. हिरामण दारात उभा होता, पण आत येत नव्हता.

"कोणी दिलं?" चाचांनी विचारलं.

"जिममधल्या मानसानं. ताकदीचं इंजेक्शन बोल्ला."

"तुला ठाऊक होतं कसलं ते?"

जगन नखाने भिंतीचा पोपडा काढू लागला. मग म्हणाला, "ठाव हुतं. पाय आयकत नव्हतं, चाचा. यंदा नाय तं कंदीच नाय, ह्ये पन ठाव हुतं."

चाचांचा हात सवयीने खिशाकडे गेला. मला वाटलं, आता लाल कार्ड निघणार. पण हात तसाच रिकामा बाहेर आला आणि जगनच्या पाठीवर टेकला. निघताना चाचा हिरामणला म्हणाले, "पोराला एकटं बसू देऊ नको." हिरामणने मान हलवली, पण पडवीत काही तो गेला नाही.

आमच्या क्लबात त्या संध्याकाळी पेढे आले. ढाल आता घरात आल्यातच जमा होती. चाचा पोचले, पेढ्यांच्या खोक्याकडे बघितलं आणि म्हणाले, "फायनलला आपलेही दोन जण बाहेर बसतील. बरोबरीची मॅच होऊ दे."

बाहेर बसायचं कोणी हे विचारायची गरज नव्हती. आमचा सगळ्यात चांगला खेळाडू रियाज, मोबाइलच्या दुकानात कामाला होता. तो उभा राहिला. आवाज न चढवता म्हणाला, "चाचा, माझा व्हिसा आलाय. पुढच्या महिन्यात मी दोहाला चाललो. माझी पण ही शेवटचीच फायनल आहे. मी काही टोचून घेतलं नाही. मी का बाहेर बसू?"

चाचा माझ्याकडे बघायला लागले. मी सेक्रेटरी. मी म्हणालो, "रियाज बरोबर बोलतोय, चाचा."

"बरोबरच बोलतोय," ते म्हणाले. मग टोपी काढून पुन्हा घातली. "सगळे खेळा."

फायनलला मैदान गच्च भरलं होतं. खाडीवाल्यांनी दोन नवखे खेळाडू उभे केले होते. पहिल्या दहा मिनिटांतच आमचा गोल झाला. मग दुसरा. आणि मग आमच्या बाजूच्या गर्दीतून आवाज सुरू झाला, "सुई, सुई, सुई." आधी चारदोन जण, नंतर सगळेच. हिरामण कडेला अनवाणी उभा होता. तो ना हलला, ना त्याने वळून बघितलं.

चाचा उठले. सरळ आपल्याच प्रेक्षकांसमोर जाऊन उभे राहिले आणि लाल कार्ड वर धरलं. रेफरीला काही कळेना, त्याने खेळ थांबवला. लोक हसले. कोणीतरी शिट्टी मारली. चाचा हात वर करून तसेच उभे. हळूहळू हसणं विरलं, पण जागचं कोणी उठलं नाही. हजारभर माणसांना बाहेर कसं काढणार? तेव्हा चाचांनी कार्ड खिशात ठेवलं आणि ते स्वतःच मैदानाबाहेर निघून गेले.

आम्ही चार गोलांनी जिंकलो. रियाजने तीन केले आणि तो हमसून हमसून रडला. पोरांनी खांद्यावर घ्यायला चाचांना शोधलं, तर ते कुठेच नाहीत. शेवटी ते मला सापडले खाडीवाल्यांच्या टेम्पोपाशी. त्यांच्या पिशव्या आत चढवत होते.

हिरामण म्हणाला, "जितलास रं, उस्मानभाय."

"कोणाशी?" चाचा म्हणाले. "तू तर आज आलाच नव्हतास."

ढाल चाचांच्या घरी आली. टीव्हीवर ठेवली. ती बघायला दोन दिवस मोहल्ला लोटला, तिसऱ्या दिवशी कोणी आलं नाही. रियाज गेला. पावसाळ्याआधी खाडीवाल्यांच्या मैदानावर डंपर फिरले. हिरामणच्या मुलाने खारघरला टॉवरमध्ये फ्लॅट घेतला आणि बापाला तिकडे नेलं. टीम मोडली.

रविवारी सकाळी मी दूध घ्यायला खाली उतरायचो तेव्हा चाचा गेटपाशी खुर्ची मांडून बसलेले असायचे. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. मी विचारायचो, "कुठे निघालात?" ते म्हणायचे, "कुठे नाही." माझी बायको म्हणाली, "अहो, त्यांना घेऊन जा ना त्या हिरामणकडे." मी चाचांना तसं म्हटलं, तर ते चक्क गांगरले.

"मैदान नाही, टीम नाही. जाऊन सांगू काय?"

"भेटायला आलो म्हणा."

"तसा मी कोणाकडे कधी गेलो नाही," चाचा म्हणाले. ते हे तक्रारीच्या सुरात म्हणाले नाहीत. एखादी भाषा येत नाही असं माणूस सांगतो, तसं सांगितलं. मग खुर्चीची घडी करत हळूच म्हणाले, "इतकी वर्षं त्याच्या टीमचं निमित्त होतं. आता तेही नाही."

पुढच्या रविवारी मी त्यांना अक्षरशः स्कूटरवर बसवून नेलं. नववा मजला. दार हिरामणने उघडलं. अंगात गंजी, पायात सपाता. त्याच्या पायात मी पहिल्यांदाच काहीतरी बघितलं. मुलगा आणि सून बाहेर गेली होती. तो दारातच थबकला, मग म्हणाला, "या ना."

सोफ्यावर दोघं एकमेकांसमोर बसले. इतकी वर्षं ते शेजारी बसून मैदानाकडे बघत आले होते. एकमेकांकडे बघत बोलायची सवय दोघांनाही नव्हती. चहा झाला. जगन कसा आहे, चाचांनी विचारलं. ट्रेलर चालवतो, हिरामण म्हणाला, बॉलला हात लावत नाय. मधेच हिरामण म्हणाला, "खाली उतरलो का वॉचमन इचारतो, काका कुठं चाललाव. काय सांगू त्याला?"

चाचांनी मान हलवली. तो प्रश्न त्यांना चांगलाच कळला होता.

मी निघायचं निमित्त शोधत होतो, तेवढ्यात खालून आरडाओरडा ऐकू आला. हिरामण उठून गॅलरीत गेला. पाठोपाठ चाचा. टॉवरच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर कॉलेजची मुलं फुटबॉल खेळत होती. दगड मांडून केलेले गोल, कपडे कोणाचे कसले. दोघं कठड्याला टेकले.

मग चाचा म्हणाले, "शर्ट काढलेले माझे."

"मंग शर्टवालं माझं," हिरामण म्हणाला. "तुझा त्यो कडंचा झोपलाय."

"झोपलेला नाही. दम राखतोय."

"दम राखतोय, म्हने."

मी आत जाऊन बसलो. चहाचे कप विसळले, पेपर वाचला. खाली खेळणाऱ्यांपैकी एकानेही वर पाहिलं नाही. गॅलरीतून मात्र दोघांचं भांडण ऐकू येत राहिलं, आणि मी निघायचं नाव काढलं नाही.