नवसाचा गुलाब
"बाबा, ही कळी आहे की वाळलेली मिरची?" सायलीने फोनवर विचारलं आणि मोतीरामांचा चेहरा पडला. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते बागेतल्या फुलांचे फोटो काढत. जवळून काढायला गेले की सगळी फुलं सारखीच दिसत, म्हणजे कुठलंच फूल दिसत नसे.

सायली नाशिकला होती. सातवा महिना आणि डॉक्टरांनी पलंगावरून हलायचं नाही म्हणून बजावलेलं. गारखेड्याच्या घरात कुंपणालगत तिनेच लग्नाआधी गुलाबाचं कलम लावलं होतं. नळाला कधीतरीच पाणी येणार, म्हणून तिच्या आईने, सुलेखाबाईंनी, ते भाजी धुतलेल्या पाण्यावर जगवलं. आता कुठे त्याला पहिली कळी आली होती.

"उमललं की नीट फोटो पाठवा हं. मला तेवढंच बघायचंय," सायली म्हणाली. तिचा आवाज जरा ओला झाला होता.

मोतीराम कामाला लागले. मोबाईलवर धडे बघितले. भर उन्हात नको, सकाळचा कोवळा उजेड हवा. कोपर जमिनीला टेकवायचं, पडद्यावर फुलावर बोट ठेवायचं, श्वास रोखायचा. सदाफुलीवर सराव केला, तर सुलेखाबाई म्हणाल्या, "अहो, मुंगीसुद्धा दिसतेय की!"

अडचण एकच होती. कोवळा उजेड ही मागच्या गल्लीतल्या लीलाबाईंची वेळ होती. हातात पिशवी आणि आकडी लावलेली काठी घेऊन त्या निघत आणि कुंपणाबाहेर डोकावणारं प्रत्येक फूल देवाच्या नावाने तोडत. देवाचं नाव निघालं की कुंपणवाल्यांची तोंडं बंद.

"सरळ सांगा ना त्यांना," सुलेखाबाई म्हणाल्या.

पण सरळ सांगतील ते मोतीराम कसले! नोकरीत असताना साधी रजा हवी असली तरी ते आजीला आजारी पाडत. त्यांनी झाडाच्या बुंध्याला हळदकुंकू लावलं आणि लीलाबाईंची काठी वर जाताच म्हणाले, "हात लावू नका! कळी दत्ताला बोललेली आहे. गुरुवारी वाहायचीय. सायलीसाठी नवस केलाय."

लीलाबाईंनी काठी खाली घेतली. "लेकीसाठी व्हय? मग नाय तोडत, भाऊ."

मोतीराम स्वतःवर खूश झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक वाजलं. लीलाबाई भजनी मंडळाच्या बायकांना घेऊन आल्या होत्या. एकीने बुंध्याशी उदबत्ती खोचली, दुसरीने नारळ ठेवला. आवडाबाई तर घरचं पाणी संपत आलं असताना तांब्याभर पाणी घेऊन आल्या होत्या. "लेकरू सुखरूप सुटू दे," म्हणत त्यांनी ते झाडाला घातलं. मोतीरामांना त्यांच्याकडे बघवेना.

गुरुवारी गुलाब उमलला. तोपर्यंत अंगणात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. उदबत्तीचा धूर थेट फुलावर, त्यात वारा, आणि ऊन चढायला लागलेलं. शेवटी मोतीराम धीर करून मोबाईलसकट झाडासमोर उपडे झाले.

"बघा गं बापाचं काळीज! दंडवत घालायलेत!" आवडाबाई गहिवरल्या. सगळ्या बायकांनी हात जोडले. कुणीतरी मोतीरामांच्या पाठीवर हळदकुंकू टाकलं, त्यातलं थोडं मोबाईलच्या काचेवर पडलं. श्वास रोखलेल्या मोतीरामांना शिंक आली आणि फोटोत गुलाबाची पुन्हा मिरची झाली.

तेवढ्यात लीलाबाई पुढे झाल्या. "चला गं, आरती झाली. फूल भाऊ वाहतील. लई गर्दी करू नका, झाड गुदमरंल." बायका गेल्या. लीलाबाईंनी उदबत्ती विझवली, मोबाईलची काच पदराने पुसली आणि तोच पदर पसरून वाऱ्याच्या बाजूला उभ्या राहिल्या. "आता काढा फोटो. ऊन यायलंय."

मोतीराम चमकले. पण उजेड जात होता. त्यांनी श्वास रोखला. फोटो निघाला. पाकळीवरची शीर न् शीर त्यात दिसत होती.

फोटो पाठवला तसा सायलीचा फोन आला. "बाबा..." एवढंच बोलून ती बराच वेळ रडली आणि मग हसली. मोतीरामांनाही हुंदका आला. फोन ठेवून ते लीलाबाईंकडे वळले.

"लीलाबाई, नवस वगैरे काही नव्हतं हो. मी खोटं बोललो."

"ते मला पयल्याच दिवशी कळलं. रोज सकाळी सदाफुलीपुढं उपडं पडलेलं दिसत होताव की."

"मग एवढ्या बायका कशाला आणल्यात?"

"मी कुठं नवसासाठी आणल्या? पोरगी पलंगावर पडून हाये, हे तर खरं होतं ना? त्याच्यासाठीच आणल्या."

मोतीरामांनी मनापासून हात जोडले. आठवडाभरातला त्यांचा हा पहिला खरा नमस्कार होता.

शुक्रवारी सकाळी ते फाटकाशी वाट बघत उभे होते. लीलाबाई आल्या, त्यांनी काठी उचलली आणि थांबल्या.

"भाऊ, आज कोणतं तोडायचं नाय?"

मोतीरामांनी फाटक सताड उघडलं. "आत या," ते म्हणाले, "बाहेरून काठी सगळ्या फुलांपर्यंत पोचत नाही."